पाठीकडचा खिसा

सॅक शिवणाऱ्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी एका मोबाइलभोवती गोळा होऊन मालकाची मुलाखत बघत होत्या. मालकही सहज आल्यासारखा दारात येऊन उभा राहिला.

"नवं काही सुचायचं तर मन मोकळं हवं," मोबाइलमधला मालक सांगत होता. "मी रोज पहाटे एकटाच फिरायला जातो. तिथेच एकदा सुचलं, सॅकचा खिसा बाहेर कशाला? पाठीकडे घेतला तर चोराचा हातच पोचणार नाही!"

सगळ्याजणींनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मालकाचं लक्ष कोपऱ्यात बसलेल्या, शिलाईकाम करणाऱ्या मावशींकडे गेलं. चार वर्षांपूर्वी मावशींनीच चुकून पन्नास सॅकचे खिसे उलट्या बाजूला शिवले होते. "डोळे आहेत की बटणं?" म्हणत त्याने सगळ्यांदेखत त्यांचा पाणउतारा केला होता. दुसऱ्या दिवशी मावशी बिचाऱ्या चष्मा लावून आल्या. पुढे त्याच सॅक हातोहात खपल्या. आणि पहाटे तर मालक जन्मात कधी उठला नव्हता.

मावशी उठल्या आणि थेट त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आता ही बाई चारचौघांत आपली लाज काढणार, म्हणून त्याने मान खाली घातली.



"म्हणजे तेव्हा तुम्हीच तसं शिवायला सांगितलं होतंत तर!" मावशी चष्मा काढत म्हणाल्या. "सुटले बाई! मी आपली चार वर्षं समजत होते, माझंच चुकलं."