दिवस मावळल्यावरचं जेवण

"बघा, बघा! दिवस मावळला का न्हाय? आणि त्यो जेवतोय का न्हाय?"

उचगावच्या केंद्राच्या दारात उभ्या राहून अक्काताई संयोगिताला बोटानं दाखवत होत्या. आत त्यांचा मुलगा पारस मांडी घालून जेवायला बसला होता. शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, केंद्रातली स्वयंपाकीण झुंबरबाई बसली होती. तिनं भाकरी मोडली, अर्धी पारसच्या ताटात टाकली आणि अर्धी स्वतः घेतली. अक्काताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

मनाच्या आजारातून सावरणारी थोडी माणसं या केंद्रात राहत. त्यांना नीट वागवतात ना, त्यांच्या मनाविरुद्ध काही करत नाहीत ना, हे बघायला गावातल्याच माणसांची एक हक्क समिती होती. संयोगिता त्या समितीवर होती. अक्काताईंनी तिच्याकडे तक्रार केली होती. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर आमच्यात कुणी जेवत नाही, कांद्याला शिवत नाही, आणि ही बाई माझ्या पोराचा धर्म बुडवायला निघालीय. तिला काढून टाका.

तक्रार खोटी नव्हती. पण दुखणं निराळं होतं. अक्काताई दर रविवारी कोडोलीहून डबा घेऊन यायच्या. मागच्या रविवारी शेवयाची खीर आणली होती, पहाटे उठून केलेली. पारसनं झाकण उघडून वास घेतला, "मावशीला लई आवडती" म्हणाला आणि अख्खा डबा उचलून स्वयंपाकघरात चालता झाला. सवतीचा कुणी करणार नाही इतका मत्सर तेव्हापासून अक्काताई झुंबरबाईचा करत होत्या. धर्माची आठवण त्यानंतर झाली.

संयोगिता आत जाऊन पारसच्या समोर बसली. "झुंबरबाई, तुम्ही जरा बाहेर थांबा. याच्याशी बोलायचंय."

झुंबरबाईचा चेहरा पडला. अर्धं ताट तसंच उचलून ती व्हरांड्यात गेली. अक्काताईंना बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. त्यांनी पदर सारखा केला.

"पारस, आई इथं थांबल्या तर चालेल? नाहीतर त्यांनाही बाहेर बसवते. तू म्हणशील तसं."

पोटच्या पोराजवळ थांबायला आईनं परवानगी काढायची! अक्काताई काही बोलणार, एवढ्यात पारस म्हणाला, "ऱ्हाऊ दे की तिला."

"तुला रात्री जेवायची कुणी बळजबरी करतं?"

"न्हाय."

"आणि कांदा?"

"मीच मागून घेतो."

"पढवलंय त्या बाईनं!" अक्काताई उसळल्या. "असलं बोलणारं न्हवंच माझं लेकरू!"

"अक्काताई, त्याला बोलू द्या," संयोगिता म्हणाली. "पारस, इथं दिवस असताना जेवायची सोय आहे. मग तू का थांबतोस?"

"समद्यांना वाढून झालं की मावशी बसत्यात. त्यांच्यासाठी थांबतो."

"त्या कशाला पाहिजेत?"

पारसनं आईकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता. असता तर अक्काताईंना सोपं गेलं असतं.

"घरात आई माझं ताट खोलीत आणून ठेवायची," तो म्हणाला. "माझं हुईपर्यंत दारात उभारायची. मग आत जाऊन समद्यांसंगं जेवायची."

"आजारी हुतास रं बाळा. गोळी गिळतोस का न्हाय ते बघाय उभारत हुते."

"व्हय," पारस म्हणाला. "हितं गोळी येगळी आणि जेवाण येगळं."

संयोगितानं त्याचं म्हणणं वहीत टिपलं. मग विचारलं, "झुंबरबाईंचं काय करायचं?"

"ऱ्हाऊ देत. आणि मला त्यांच्याच वक्ताला जेवू दे."

संयोगिता उठली. "अक्काताई, तक्रार तुमची असली तरी हक्क त्याचा आहे. कधी जेवायचं, काय खायचं आणि कुणासोबत, ते तोच ठरवणार. झुंबरबाई इथंच राहतील." एवढं बोलून ती दुसऱ्या खोलीतल्या लोकांना भेटायला गेली.

अक्काताई व्हरांड्यात येऊन चपला शोधू लागल्या. झुंबरबाईला सगळं ऐकू गेलं होतं. ती ताट घेऊन पुढं आली. तोऱ्यात दोन शब्द बोलली असती तरी अक्काताईंनी ते समजून घेतले असते.

"या की आत, बसा. घोटभर पाणी तरी घ्या."

"दिवस मावळलाय," अक्काताई तुटकपणे म्हणाल्या. झुंबरबाई वळली, तशी मात्र त्यांना राहवलं नाही. "जेवताना बोलतोय व्हय त्यो तुझ्यासंगं?"

"तर! तोंडाला दम म्हणून न्हाय. कान किटत्यात माझं."

अक्काताई एक पाऊल पुढं आल्या. घरात त्याच्याकडून 'हं'च्या पुढं शब्द निघत नसे. "काय बोलतोय? माझं काय काढतोय का न्हाय?"

एरवी घसा फोडून बोलणाऱ्या झुंबरबाईनं आवाज एकदम खाली आणला.

"त्ये न्हाय सांगता यायचं, अक्काताई. हितल्या मान्सांचं बोलणं भाईर न्यायचं न्हाय. समितीनं बजावलंय आम्हास्नी."

ती आत गेली आणि पारसच्या शेजारी बसली. अक्काताई निघाल्या, पण पायरीवरून परत फिरून खिडकीपाशी आल्या. घास हातातच धरून पारस काहीतरी सांगत होता. झुंबरबाई मान हलवत जेवत होती. मध्येच तो हसला.

कोपऱ्यातल्या टीव्हीचा आवाज कुणीतरी मोठा केला होता. गजांना कान लावूनही अक्काताईंना पारसच्या बोलण्यातला एक शब्द ऐकू आला नाही.