शरणम्माचं नाक

आठवीची सव्वीस पोरं दोन्ही हात पुढे करून व्हरांड्यात उभी होती. अक्कलकोट रोडवरच्या त्या शाळेत जिन्याखाली विडीची थोटकं सापडली होती. ज्याच्या बोटांना वास येईल त्याच्या हातात आजच दाखला, असं हेडसरांनी सांगून टाकलं होतं.

हुंगायला शरणम्मा. शाळेत खिचडी शिजवायला लागण्याआधी तिनं चाळीस वर्षं विड्या वळल्या होत्या. तिच्या नाकातून काही सुटायचं नाही, अशी सरांची खात्री होती.

तिनं पहिला हात नाकाशी धरला. "शेळीचं दूध काढून आलास व्हय?" बिभीषण लाजला. पुढचा हात. "शेंगाचटणी खाल्लीस, हात न्हाई धुतलास." रांग खुसखुसली. "तुझी सायकलची चेन आज बी पडली. आन् तू रं? पीठ मळलंस? आई कुटं गेली?"

"दवाखान्यात, अव्वा."

"बरी हुईल. भाकरी गोल झाली का?"

पोरांची भीती कुठल्या कुठे गेली. जो तो आपला हात काय सांगतो ते ऐकायला पुढे सरकू लागला.

तीन हातांना मात्र तोच वास होता. तिच्या लुगड्याला, उशीला, लेकरांच्या केसांना वर्षानुवर्षं येत होता तो. त्या तिघांना ती हळूच एवढंच म्हणाली, "उद्या नवाला चुलीपाशी ये."

"कोण कोण?" सरांनी विचारलं.

"कुणीच न्हाय."

"चाळीस वर्षं विड्या वळल्यात ना तुम्ही?"

"म्हणून तर सांगते, सर."

दुसऱ्या दिवशी नवाच्या आधीच तिघं हजर. शरणम्मानं लसणाची पाटी त्यांच्यापुढे सारली. "म्हैनाभर रोज यायचं. मी रोज हुंगणार."

तेवढ्यात त्यांच्याच वर्गातली ऋतुजा दारात चप्पल काढून आत आली. तिघांशेजारी बसली आणि तिनं एक गड्डा उचलला.

"तुला कुणी बोलावलं गं?"

"कुणी न्हाय, अव्वा." ऋतुजा खाली मान घालून पाकळी सोलू लागली. "सरांनी पोरींची रांग लावलीच न्हाय की."

शरणम्माला हसू आवरेना. हसत हसतच तिनं ऋतुजाचा हात ओढून नाकाशी धरला.