रुमाल पांढरा कसा?

मुलाचा रुमाल कौतिकाबाईंनी उजेडात उलटसुलट केला, हुंगला आणि डोळे बारीक केले. "खरं सांग, दिगंबर. आज खाणीत गेलाच नाहीस ना? कुठं उंडारलास?"

"दिवसभर खालीच होतो, आई. डिझेलचा लोडर चालवत."

"मग धुराची काजळी कुठं गेली? रोज नाक पुसलं की रुमालाचा तवा होतो. वर खोकून घर डोक्यावर घेतोस, ते वेगळंच."

हेल्मेट खुंटीला अडकवत सून म्हणाली, "आत्याबाई, आज नवा पंखा सुरू झाला. धूर माणसांच्या अंगावर न येता मागच्या बोगद्यातून परस्पर बाहेर पडतो."

सून त्याच खाणीत इंजिनिअर. वर्षभर ती कागदावर वाऱ्याच्या वाटा आखत होती आणि "वारा काय बैल आहे, दाखवशील तिकडं जायला?" म्हणून कौतिकाबाई तिला टोचत होत्या. आता त्यांनी रुमाल पुन्हा हुंगला. "बरा आहे," एवढंच म्हणाल्या.

सकाळी नळावर मात्र त्यांचा आवाज चढला. "आपापल्या पोरांचे रुमाल बघा, बायांनो. सगळे आमच्या सुनेनं धुतलेत, हाताला पाणी न लावता."