ऐंशी तोफांची युद्धनौका

मित्रांसोबतच्या अंतराळयुद्धाच्या खेळासाठी चंद्रिकाने तीन महिने खपून ऐंशी तोफांची युद्धनौका कागदावर रेखाटली. रविवारी होटगी रोडवरच्या घराच्या गच्चीवर डाव मांडला आणि कप्तान झालेल्या नवऱ्याने, प्रभूने, सुरुवातीलाच हुकूम सोडला, "सगळ्या तोफा काढून टाका." "का?" "खालच्या ग्रहावर तीनशे माणसं अडकलीत की. त्यांना बसवायला जागा लागंल." चंद्रिकाचा पारा चढला. "अवो, ही युद्धनौका हाय, बार्शीची एसटी न्हाय!" "मग त्यांना तितंच मरू द्यायचं व्हय?" प्रभू खरंच कळवळला होता. आता आली पंचाईत. खेळाडूंपुढची संकटं ठरवून खेळ चालवणारी चंद्रिकाच. पुढच्या वळणावर शत्रूचं आरमार तिनेच आपल्या गुप्त नकाशात दडवलं होतं. बिनतोफांची नौका तिथं क्षणात खाक झाली असती. कपाळावर हात मारून तिने खोडरबर उचललं, एकेक तोफ पुसली. मग चरफडतच, प्रभूची नजर चुकवून, आपल्या नकाशावरचं आरमारही पुसून टाकलं.