नोटबुर्गाबाईंचा अभिप्राय

नोटबुर्गाबाई डोळे पुसत इकडेच येताहेत, ही खबर मेनराडला खुर्चीत बसल्यावर कळली. आणि आता खुर्चीतून उठायची सोय नव्हती.

फास्नेटचा गुरुवार होता. उपासाचे दिवस लागण्याआधी गाव आपला शिमगा उरकून घेतं, आणि त्या दिवशी सकाळी विदूषक मंडळाचं खोट्या बातम्यांचं पुस्तक घरोघर जातं. वर्षभरात कोण कुठे तोंडावर आपटलं, त्याच्या रचलेल्या बातम्या. नावं मात्र खरी. दुपारी संपादकाने मंडळाच्या खोलीत शेगडीजवळच्या लाकडी खुर्चीत बसायचं. ज्याला जे वाटलं ते त्याने येऊन तोंडावर सांगायचं. शेवटचा माणूस बोलून होईपर्यंत संपादकाने ब्रही काढायचा नाही. मेनराडचं हे पहिलंच पुस्तक. एरवी तो विमा विकायचा. कुणाची गाडी कुठे धडकली आणि कुणाचं छप्पर कशाने उडालं, हे त्याला तोंडपाठ असायचं, म्हणूनच त्याला धरून आणलं होतं.

"मी आत्ता बेकरीतून येतेय," त्याची बायको ओटिली कानाशी लागली. "बाईंनी तिथेच उभ्या उभ्या पुस्तक वाचलं, अगदी पहिल्या पानापासून. मग मिटलं आणि डोळ्यांना रुमाल लावला. काय लिहून ठेवलंयस रे त्यांच्याबद्दल?"

मेनराडने जोरजोरात मान हलवली. काहीच नाही! बाईंचा नवरा अन्सेल्म ईस्टरनंतर गेला. या वर्षी बाईंच्या वाटेला जायचं नाही, असं मंडळात सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं होतं. मेनराडने ते डोळ्यांत तेल घालून पाळलं होतं. मग रडण्यासारखं सापडलं तरी काय त्यांना?

तेवढ्यात खाटीक युलियुस बिअरचा ग्लास घेऊन समोर उभा राहिला.

"'युलियुसच्या सॉसेजमध्ये मांस सापडलं, कसून तपास सुरू'," त्याने खड्या आवाजात वाचलं. "लाज नाही वाटत? बायको सकाळपासून हसतेय. गिऱ्हाईक दारातूनच हसत येतंय. आणि एवढीशीच बातमी? पुढच्या वर्षी पान भरून पाहिजे मला!"

लोक खिदळले. मेनराड मनातल्या मनात पानं उलटत होता. दफनभूमीतल्या माळ्याची बातमी लागली असेल का? पण त्यातलं थडग्याचं वाक्य तर त्याने स्वतःच्या हाताने खोडलं होतं. मग ट्रॅक्टरची? अन्सेल्मकडे ट्रॅक्टर होता खरा, पण या गावात ट्रॅक्टर नाही कुणाकडे?

"नव्या गोल चौकात मी मंगळवारपासून गाडी फिरवतोय म्हणे, बाहेरची वाट सापडत नाही म्हणे," सरपंच गरजले. "साफ खोटं! सोमवारपासून फिरवतोय."

"माझं वय खरं छापलंस," शाळेच्या बाई म्हणाल्या. "खोट्या बातम्यांत हे कसं चालतं?"

इतकी दाद मिळाली की नवा संपादक खरं तर हवेत तरंगला असता. मेनराडची नजर दारावरून हलत नव्हती. नवरा गेलेल्या बाईला फास्नेटच्या दिवशी रडवलं, असं नाव लागलं तर या गावात तोंड कुठे दाखवायचं? शिवाय त्याला मनापासून वाईटही वाटत होतं. गोड माणूस होता अन्सेल्म.

दार उघडलं. रस्त्यावर नाचणाऱ्या विदूषकांच्या घुंगरांचा कल्लोळ आत आला आणि मागोमाग काळ्या कोटातल्या नोटबुर्गाबाई. हशा जागच्या जागी थांबला. माणसं भिंतीला सरकली. "बसा ना, बाई. बरं आहे ना?" कुणीतरी इस्पितळात बोलतात तसं हळूच विचारलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. त्या सरळ मेनराडपुढे आल्या आणि पुस्तक त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवलं.

"मागे मी पाद्रीबाबांच्या सायकलवर गाडी घातली, तुम्ही छापलंत. चुकून भलत्याच लग्नात पोटभर जेवून आले, तेही छापलंत. अन्सेल्म मोठ्याने वाचायचा आणि मी लाटणं घेऊन त्याच्यामागे धावायचे. खरं की नाही?"

मेनराडने नुसती मान डोलावली.

"या उन्हाळ्यात शेजाऱ्यांचं ते आपलं आपण फिरणारं गवत कापायचं यंत्र माझ्या वाफ्यात शिरलं. मला वाटलं, रानडुकराचं पिल्लू! मी त्याला फावड्याने बडवलं, वर गोधडी टाकली आणि तिच्यावर बसून बोंब मारली. वनरक्षक बंदूक घेऊन धावत आला. अख्खी गल्ली जमली होती. तूही होतास, मेनराड."

मागे कुणाला तरी हसू फुटलं. त्याने ते घाईघाईने खोकल्यात दडवलं. बाईंनी गर्रकन वळून त्याच्याकडे बोट दाखवलं.

"हे! अस्संच चाललंय ईस्टरपासून. मी दुकानात पाऊल टाकलं की सगळे चिडीचूप. म्हटलं, जाऊ दे, पुस्तकात तरी असेन. सगळी पानं पाहिली मी. पुन्हा पाहिली."

मेनराडला बोलायची बंदीच होती.

"अन्सेल्मला पुरलंत ते मी डोळ्यांनी पाहिलं," नोटबुर्गाबाई म्हणाल्या. "मला कधी पुरलंत?"