सहा वाजून बत्तीस मिनिटं

घोंगड्या विकायला माणातून साताऱ्याला आलेली हरणाबाई फोटो स्टुडिओच्या काचेपुढं थबकली, ती जागची हलेना. आतल्या मोठ्या फोटोत मावळता सूर्य होता, समुद्र होता, आणि पाण्यात लांबवर गेलेल्या, बोटी लागायच्या धक्क्यावर, पार टोकाला, पाठीवर पोतं घेऊन निघालेला नखाएवढा काळा माणूस होता.

ती तरातरा दुकानात शिरली. "ह्ये आमचं मालक हाईत. भात्तरच्या दुष्काळात कामाला म्हनून गेलं, तीन वर्सं झाली, पत्त्या न्हाई. कुटल्या गावचा धक्का ह्यो?"

फोटोग्राफर बाळासो हसला. "मावशी, तोंड तरी दिसतंय का ह्यात?"

"दोनशे मेंढरं लांबनं नुसत्या चालीवर वळखती मी! डावा पाय बाहीर टाकायची खोड हाय त्येंची. गाव सांगा!"

बाळासोचं हसू मावळलं. कोकणच्या सहलीत त्यानं असे पाच-सहा धक्के टिपले होते; हा त्यातला कुठला, ते आठवेना. त्यानं फोटो काचेतून काढून उलटा केला. मागं बारीक अक्षरात लिहिलेलं त्यानं वाचून दाखवलं: सायंकाळी सहा वाजून बत्तीस मिनिटं. गाव लिहिलंच नव्हतं.

"सूर्य रोजच बुडतोय, त्येची येळ लिवून ठेवली!" हरणाबाई कडाडली. "आन् गाव न्हाई? मग फुडल्या अंगाला खाली ह्ये ठसठशीत काय लिवलंय?"

बाळासोची मान खाली गेली.

"फोटोचं नाव हाय, मावशी. 'निर्मनुष्य धक्का'."