दामूचं वर्तमानपत्र

नऊ अंक, छत्तीस पानं, प्रत्येक पान तळहाताएवढं. १८८८ साली नऊ वर्षांच्या दामूनं घरच्यांसाठी हातानं लिहिलेलं हे वर्तमानपत्र शैलामावशींनी सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये जिवापाड जपलं होतं.

"दामू त्याच वर्षी गेला. माझ्या पणजीनं सावत्र लेकाला विष घातलं, असं भाऊबंद अजून ग्रुपवर लिहितात गं," त्या म्हणाल्या. "एवढी केमिस्ट्री शिकलीस ना प्रणिता, मग तिच्यावरचा डाग पूस बाई एकदाचा."

प्रणिता वाचू लागली. तिसऱ्या अंकात बातमी होती: 'नव्या आईने आम्हांस हिरवा रंग आणून दिला. आई फार चांगली आहे. कुंचल्यास टोक यावे म्हणून आम्ही तो जिभेवर फिरवितो.' पाचव्या अंकापासून प्रत्येक अंकात संपादकांचं पोट दुखत होतं. मथळे मात्र शेवटपर्यंत हिरवेगार.

"बघ, माया करत होती!" मावशींचे डोळे भरून आले.

प्रणितानं एक पान मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या, रंगातली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या एक्स-रे मशीनखाली ठेवलं.



हिरव्या रंगात आर्सेनिक: बेचाळीस टक्के.